हॉलच्या भिंतीवर साहेबाचं शहर लावायचं का?

पत्र थोडक्यात असं आहे. ही मैत्रीण इंग्लंडमधल्या लीड्सला राहते, नवरा आणि सात वर्षांची मुलगी, तिकडे जाऊन नऊ वर्षं झाली. मागच्या वर्षी त्यांनी लाल विटांचं टेरेस घर (म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या रांगेतलं) घेतलं, १८९० च्या आसपास बांधलेलं, उंच छताचं. हॉलमध्ये सोफ्यामागे मोठी रिकामी भिंत आहे आणि तिथे तिला व्हिक्टोरियन लंडनची प्रिंट्स लावायचीत, गॅसचे दिवे, घोडागाड्या, धुकं, वेस्टमिन्स्टर वगैरे. आठ प्रिंट्सचा एक सेट तीन आठवडे ऑनलाइन कार्टमध्ये पडून आहे. नवरा म्हणतो, "ज्यांनी आपल्याला लुटलं त्यांचं वैभव मी माझ्या घरात टांगायचं?" एक मैत्रीण म्हणाली पबसारखं दिसेल. आणि मे महिन्यात कराडहून सासरे येणार आहेत, इतिहासाचे रिटायर्ड शिक्षक, ते काय म्हणतील या विचाराने हिची झोप उडालीय. "मावशी, घर व्हिक्टोरियन आहे तर चित्रंही त्याच काळातली नकोत का? की मीच चुकतेय?"

अगं, आधी झोप नीट घे, शेवटी हा चार खिळ्यांचा प्रश्न आहे. पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि एक गंमत दिसली. हे काय म्हणतील, ते काय म्हणतील असं तू पानभर लिहिलंयस, पण त्या आठ चित्रांतलं एकही तुला का आवडलं हे कुठेच नाही. "सेट छान आहे, सेलमध्ये आहे" एवढंच. म्हणजे तुझा नवरा ज्या चित्रांवर इतका चिडलाय ती तू स्वतः तरी धड बघितलीयस का, अशी मला शंका आहे. रागावू नकोस हं.

आधी घराचं बोलू. व्हिक्टोरियन घरात व्हिक्टोरियन शहराची चित्रं शोभतात हा आपला आजचा समज आहे. तुझ्या घरात १८९० च्या सुमाराला जे कोणी राहत असतील, एखादा कारकून म्हण, गिरणीतला फोरमन म्हण, त्याने आपल्याच काजळलेल्या रस्त्याचं चित्र हॉलमध्ये लावलं असण्याची शक्यता फार कमी. रोज कामावर जाताना तो धूर तोंडात जायचा, घरी येऊन परत तोच कशाला बघायचा? तेव्हा घराघरात राणीचा फोटो, बायबलमधली वचनं, लँडसीअर नावाच्या चित्रकाराचे हरणं नि कुत्रे, गोंडस पोरांची रंगीत छापील चित्रं असला माल खपायचा. मिले नावाच्या इंग्रज चित्रकाराने १८८६ साली साबणाचे फुगे बघणाऱ्या मुलाचं चित्र काढलं, ते पुढे पिअर्स साबणाच्या जाहिरातीत गेलं आणि त्याच्या छापील प्रती वाटेल तितक्या घरांत पोचल्या. तेव्हा "काळाला धरून" जायचं म्हटलं तर तुला कुत्रा लावावा लागेल. हे बंधन डोक्यातून काढलंस की आपसूक मोकळी होशील, कारण मग राहतं फक्त एवढंच की तुला काय बघायला आवडतं.

आता नवरा. त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, आणि तूही लावू नकोस, "एवढं काय त्यात, चित्रंच तर आहेत" हे तर अजिबात म्हणू नकोस. तो का चिडतो याचं मला वाटणारं कारण सांगते. आपल्या घरांत भिंतीवर फ्रेम म्हणजे काय असायचं आठव. देव, गेलेले आजी-आजोबा, शिवाजी महाराज, टिळक, बाबासाहेब, गांधी, ज्याच्या त्याच्या घराप्रमाणे. फ्रेम केली म्हणजे हार आला, सणाला गंध-फूल आलं. भिंतीवर चढलं ते पूजेतलं, हे आपल्या हाडात भिनलंय, त्यामुळे आठ फ्रेमांत लंडन बघितलं की त्याला बायकोने साहेबाला हार घातल्यासारखं वाटतं. त्याच्याशी बोलताना हे बोल, की भिंतीवर साक्षीदारही उभा करता येतो, हार घातला नाही तरी चालतो. पण मग चित्रंही तशीच निवडायला हवीत. वेस्टमिन्स्टर, टॉवर ब्रिज, सेंट पॉल्स, परत वेस्टमिन्स्टर, तपकिरी रंगात, अशा आठांचा सेट कसली साक्ष देणार? तुझी मैत्रीण पब म्हणाली ते बरोबरच आहे. (पब वाईट नसतात, पण तुला घर हवंय.)

त्या काळातल्या शहरांच्या चित्रांचा निम्मा भाग तरी वैभवाचा नाहीच. गुस्ताव्ह डोरे हा फ्रेंच चित्रकार पत्रकार ब्लँचर्ड जेरॉल्डबरोबर लंडनभर हिंडला, झोपडवस्त्यांत रात्री जायचं तर पोलीस बरोबर घेऊन, आणि १८७२ साली त्यांचं पुस्तक आलं त्यात १८० चित्रं आहेत. त्यातलं रेल्वेच्या पुलाखालून दिसणाऱ्या घरांच्या मागच्या अंगणांचं चित्र शोध. सारख्याला सारखी घरं, धुराच्या चिमण्या, खुराड्याएवढी अंगणं आणि त्यात कोंबलेली माणसं, आणि वरून जाणारी गाडी. ते बघून तुझ्या नवऱ्याला वैभव दिसलं तर मला कळव. लडगेट हिलच्या ट्रॅफिक जॅमचंही एक आहे, घोडे, बस, मेंढ्या सगळं अडकलंय आणि वर पुलावरून रेल्वे, ते बघून मला दादरचा टिळक ब्रिजच आठवतो. डोरेवर तेव्हाही लोक चिडले होते की हा फक्त आमची गरिबी काढतो, आणि बऱ्याच गोष्टी मनानेच रचतो. तेव्हा फोटोसारखं खरं म्हणून बघू नकोस, पण माणसं आहेत त्यात, गर्दीत एकेक चेहरा आहे. फक्त न्यूगेट तुरुंगातल्या कैद्यांच्या गोल फेरीचं चित्र जेवायच्या टेबलासमोर नको, व्हॅन गॉगने १८९० मध्ये त्यावरून पेंटिंग केलं इतकं ते भारी आहे, पण समोर बसून वरणभात जाणार नाही.

आणि मुळात लंडनच का? तू राहतेस लीड्सला! लंडनला कितीदा गेलीस, चार? पाच? तुझ्या गावाचा चित्रकार ॲटकिन्सन ग्रिमशॉ, १८३६ मध्ये लीड्सलाच जन्मला, रेल्वेत कारकून होता, घरच्यांच्या विरोधात नोकरी सोडून चित्रं काढायला लागला (हे सासऱ्यांना सांगू नकोस हवं तर). ओले रस्ते, दुकानांच्या काचांमधून सांडलेला पिवळा उजेड, चंद्र, आणि धूर नि धुक्याने हिरवट पिवळं झालेलं आकाश, असं सगळं तो काढायचा. लीड्समधल्या बोअर लेनचं त्याचं १८८१ चं चित्र आहे, संध्याकाळची वेळ, दिवे लागलेत, माणसं घरी चाललीत. तू स्टेशनवरून शॉपिंगला जाताना ज्या रस्त्याने जातेस तोच रस्ता गं! तुझी लेक ते चित्र बघून "आई, हे तर आपलं" म्हणेल, वेस्टमिन्स्टर बघून म्हणणार नाही. लिव्हरपूल, हल, ग्लासगोच्या गोद्याही त्याने काढल्यात, आणि गोदी म्हटली की मला आपले खलाशी आठवतात. त्या काळात ब्रिटिश जहाजांवर जे लास्कर म्हणून राबायचे त्यांत रत्नागिरीकडचे कोकणी लोक कितीतरी होते. लंडनच्या लाइमहाऊसमध्ये त्यांच्यासारख्यांसाठी १८५७ साली एक वसतिगृहही सुरू झालं होतं. चित्रात ते दिसत नाहीत, मान्य, पण अशा गोद्यांच्या धुक्यात आपला एखादा दापोलीवाला कुडकुडत उभा असेल हे माहीत असलं की चित्र नुसतं "त्यांचं" राहत नाही.

आता मला खरं जे सांगायचंय ते. तुमच्याकडे लीड्स जनरल इन्फर्मरी म्हणजे ते मोठं हॉस्पिटल आहे ना, तिची जुनी इमारत, ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरची, लाल विटा नि टोकदार कमानींची. ती जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने डिझाइन केली, १८६० च्या दशकात. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनपुढचं ते राजवाड्यासारखं हॉटेलही त्याचंच. आणि त्याच माणसाने, मुंबईत पाऊलही न ठेवता, कागदावर आपला राजाबाई टॉवर आणि त्याच्या शेजारच्या युनिव्हर्सिटीच्या इमारती काढून पाठवल्या! टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला, पैसा दिला प्रेमचंद रायचंदने, नाव त्याच्या आईचं. आणि असा पैसा मुंबईत आला कुठून, तर अमेरिकेत यादवी पेटली, १८६१ ते १८६५, तिकडचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या ठप्प पडून तिथले कामगार उपाशी राहिले आणि इकडे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेअरचा जुगार झाला, १८६५ ला फुगा फुटला, प्रेमचंदही त्यात बुडाला. त्याच दशकात किल्ल्याचे तट पाडले गेले आणि त्या मोकळ्या जागेवर आज आपण जी फोर्टातली मुंबई म्हणतो ती उभी राहिली.

म्हणजे बघ, मँचेस्टरच्या गिरण्यांच्या चिमण्या, लीड्सची इन्फर्मरी आणि राजाबाई टॉवर अशी तीन चित्रं शेजारी शेजारी लावलीस तर तुझ्या नवऱ्याला जे म्हणायचंय, की हे सगळं कोणाच्या जिवावर उभं राहिलं, तेच त्या भिंतीवर लिहिलेलं दिसेल. आणि सासरे इतिहासाचे मास्तर! त्यांना तू घाबरतेस? असल्या भिंतीसमोर ते अर्धा तास उभे राहतील आणि पुढचे तीन दिवस तुम्हाला शिकवतील, त्याची भीती बाळग हवी तर. वेस्टमिन्स्टर लावायचंच असेल तर तेही त्यांच्या पद्धतीने लागतं, दादाभाई नौरोजी १८९२ ला लंडनच्या फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी खासदार म्हणून निवडून आले आणि त्याच इमारतीत जाऊन बसले. धुक्यातलं वेस्टमिन्स्टर आणि शेजारी छोट्या फ्रेममध्ये दादाभाई, कसं वाटतंय?

मी स्वतः वीस वर्षं ठाण्याहून व्हीटीला जायचे. ८.१२ पकडायची, उतरायचं, पळायचं. त्या घुमटाकडे मान वर करून मी कधीही बघितलं नाही. मग एकदा स्टेशन बांधायच्या वेळचं, ॲक्सेल हेगने १८७८ मध्ये केलेलं वॉटरकलर एका पुस्तकात पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या मधोमध उभी राहून बघत बसले, मागून टॅक्सीवाल्याने आईबहीण काढली. जे.जे. स्कूलच्या पोरांनी कोरलेली पानं, पक्षी, माकडं इतकी वर्षं डोक्यावर होती नि मला पत्ता नाही. सीएसएमटी झालं तरी माझ्या तोंडात व्हीटीच येतं, ते जाऊ दे. त्या चित्राची प्रत आता माझ्या हॉलमध्ये आहे आणि माझ्याकडे आलेला प्रत्येक जण त्यावर आपली लोकलची एक गोष्ट सांगून जातो.

बरं, आता कामाचं, आणि हे ज्यांनी ज्यांनी असले प्रश्न पाठवलेत त्या सगळ्यांसाठी. प्रिंट विकत घ्यायच्या आधी म्युझियमच्या साइट्स बघा. वेलकम कलेक्शन, लायब्ररी ऑफ काँग्रेस, न्यूयॉर्कचं मेट म्युझियम यांच्याकडे जुनी चित्रं मोठ्या साइझमध्ये फुकट उतरवता येतात. डोरे १८८३ ला गेला, ग्रिमशॉ १८९३ ला, त्यामुळे चित्रांचा कॉपीराइट कधीच संपलाय. प्रत्येक चित्राखाली लायसन्स काय लिहिलंय तेवढं वाचा आणि जवळच्या प्रिंटवाल्याकडून जाड मॅट कागदावर काढून घ्या. ए३ साइझला साधारण ३५०० बाय ५००० पिक्सेल असले तर अगदी जवळून बघितलं तरी फुटत नाही. ग्रिमशॉचा मात्र एक त्रास आहे, तो मुळातच अंधारा, आणि ग्लॉसी कागदावर तर नुसता काळा चौकोन दिसतो ज्यात तुमचा स्वतःचा चेहरा दिसतो. आधी छोटी टेस्ट प्रिंट काढा, थोडं उजळ करा. आणि मुद्दाम तपकिरी केलेली चित्रं घेऊ नका हो प्लीज, डोरेची शाई काळी होती, तो चहा सांडल्यासारखा रंग आजच्या दुकानदारांनी चढवलेला असतो.

खरी जुनी हवी असतील तर इलस्ट्रेटेड लंडन न्यूज नावाचं साप्ताहिक १८४२ ला सुरू झालं, त्याची सुटी पानं जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मिळतात, आणि एखादं साधं पान बाहेर जेवायला जाण्याच्या खर्चातही मिळून जातं. त्यात मुंबईचीही चित्रं येत असत. ती चित्रं लाकडात कोरलेली असायची, मोठ्या चित्रासाठी लाकडाचे लहान ठोकळे बोल्टने जोडून त्यावर कोरायचे, म्हणून कधीकधी चित्रात बारीक सरळ पांढरी रेघ दिसते, ती सांध्याची, तो दोष समजू नका. मागे मजकूर छापलेला असतो, मोठ्या चित्राला मधोमध घडी असते. रंगीत दिसलं तर तो रंग बहुतेक वेळा नंतर कोणीतरी भरलेला असतो. आणि भिंग घेऊन जा! मी एकदा फोर्टात एका दुकानातून "ओरिजिनल आहे मॅडम" म्हणून चांगले पैसे मोजून एक घेतलं, घरी येऊन भिंगाखाली धरलं तर सगळे ठिपकेच ठिपके, म्हणजे फोटोवरून छापलेली आजची कॉपी. कोरलेल्या चित्रात रेघा दिसतात, ठिपक्यांची जाळी दिसत नाही. आणखी एक, चांगली बांधलेली जुनी पुस्तकं फाडून पानं विकणारे असतात, त्यांच्याकडून घेऊ नये असं माझं मत आहे, पटलं तर बघा.

तुझ्या भिंतीचं. जुन्या टेरेस घरात छताच्या जरा खाली लाकडी पट्टी फिरलेली असते, पिक्चर रेल, ती असेल तर देवाने दिलंय असं समज, तिच्यावर हुक अडकवून तारेने फ्रेम सोडायची, भिंतीला भोक नको. आधी ती पट्टी घट्ट आहे ना हे मात्र हलवून बघ. रेल नसेल तर ठोकण्याआधी भिंत वाजवून बघ, आतल्या भिंती बऱ्याचदा लाकडी पट्ट्यांवर गिलावा केलेल्या असतात, जड फ्रेम लावलीस तर गिलाव्यासकट खाली. बाहेरच्या बाजूची भिंत भरीव विटांची असते, मधे पोकळी नसते, थंडीत ती ओल धरते, तिथे कागद लावायचा नाही. रेडिएटरच्या वर नाही, खिडकीच्या थेट उन्हात नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटीमीटर धर, सोफ्यावर असेल तर सोफ्याच्या पाठीपासून वीतभर वर, लोक फार वर लावतात आणि मग पाहुणे मान वर करून कबुतरं शोधल्यासारखे बघतात. आठ नको, तीन. फ्रेम बारीक काळी किंवा साधी लाकडी, माउंट (चित्राभोवतीचा कोरा पुठ्ठा) भरपूर रुंद, सोनेरी नक्षी अजिबात नाही. पब तिथूनच सुरू होतो.

इकडे भारतात लावणाऱ्यांची दुश्मन वेगळी, पावसाळा आणि कसर. फ्रेमवाल्याला ॲसिड-फ्री माउंट सांगा, मागे हार्डबोर्ड थेट चित्राला लागता कामा नये, आणि चित्र चिकटपट्टीने किंवा गमने चिकटवू देऊ नका, माझं एक तसं गेलं, दोन पावसाळ्यांत चारी कोपरे तपकिरी झाले. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे तुकडे लावा म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते. बाथरूमच्या मागची भिंत नको. ऑक्टोबरात एकदा सगळ्या फ्रेम उतरवून मागून पुसून घ्या, दसऱ्याच्या साफसफाईत होऊन जातं. आणि विषय म्हणाल तर इकडे चित्रकार म. वि. धुरंधरांनी काढलेली मुंबईची माणसं आहेत, ट्रामवाले, कोळणी, पारशी, काळ राणीच्या जरा नंतरचा पण शहर तेच. त्यांच्या कामाचे पोस्टकार्ड निघायचे, ते मिळाले तर तीन-चार एका फ्रेममध्ये फार सुंदर दिसतात.

तर तुझ्यापुरतं असं कर. नवऱ्याला विचार, त्याला कोणतं एक चित्र चालेल, आणि "कोणतंच नाही" म्हणाला तर त्याला ते अंगणांचं डोरे दाखव आणि गप्प बस, लगेच मत मागू नकोस. ते नाही चाललं तर नाही चाललं, घर त्याचंही आहे, बोअर लेन जिन्यात लाव आणि सोफ्यामागे तुम्हा दोघांना आवडेल असं दुसरं काही शोध, त्यात काही हरणं नाही. पण त्याला चाललं तर दोन लाव आणि तिसरी जागा मोकळी ठेव. सासऱ्यांना फोन करून सांग की बाबा, येताना राजाबाई टॉवरचं एखादं जुनं चित्र छापून आणाल का, गुंडाळी करून पुठ्ठ्याच्या नळीत घाला, फ्रेम करू नका, बॅगेत काच फुटते. आले की त्यांना लेकीसोबत इन्फर्मरीच्या समोर उभं कर.

आणि तो आठचा सेट आत्ताच्या आत्ता कार्टमधून काढ, सेल संपत आला की बोट घसरतं.